ओसाका मुक्कामाला

पहिल्यांदाच ओसाकाला जायचं असेल, तर आधी ओसाका तुमच्या घरी येऊन चार दिवस राहतं, माणसं बघतं आणि मगच होकार कळवतं. सगळ्या इचलकरंजीला हे ठाऊक होतं. मालतीबाई हेरवाड्यांना मात्र ट्रॅव्हलवाल्या बुरशांनी तिकिटं काढून झाल्यावर सांगितलं.

"चार दिवस?" मालतीबाई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे स्वयंपाक आलाच."

"साधाच करा, वहिनी. पाहुणा शांत आहे."

आता काय बोलायचं! संसारात या बाईनं एकच मागणं मागितलं होतं. जिथं कुणी 'चहा टाका' म्हणणार नाही, अशा ठिकाणी चार दिवस जायचं. पुण्यात नणंद, बेळगावात मावससासू, दुबईत यजमानांचा आतेभाऊ. जाईल तिथं पदर खोचायचाच. ओसाकात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून ओसाका.

ते शनिवारी सकाळी आलं. दारात चपला काढल्या, त्यांची रांग जिन्यावरून खाली थेट पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. किल्ला माळ्यावर गेला, नदी गॅलरीत मावली, बाकीचं कुणालाही धक्का न लावता हॉलमध्ये बसलं. मराठी शिकूनच आलं होतं. वाकून म्हणालं, "आपल्याला आमचा त्रास."

यजमान दिगंबरराव खुलले. "त्रास कसला! आपलंच घर समजा. अगं, पोहे आण!"

पोहे झाले, चहा झाला. मग ओसाकानं विचारलं, चालायची सवय आहे का, रांगेत उभं राहता का, गाडीत फोनवर मोठ्यानं बोलता का. दिगंबररावांनी फोनवरच्या मेव्हण्याला जरा थांबायला सांगितलं आणि ओरडून "छे छे, कधीच नाही" असं उत्तर दिलं.

चौथ्या दिवशी ओसाका उठलं. "निघतो आम्ही."

"छे, असं कसं!" दिगंबरराव म्हणाले. "राहा की अजून दोन दिवस!"

आपल्याकडचा पाहुणा अशा वेळी नको नको म्हणतो, दारात उभ्यानं आणखी अर्धा तास बोलतो आणि जातो. ओसाकाला हे कोण सांगणार? यजमान म्हणतोय ते मनापासूनच, असं धरून ते परत बसलं. दोन दिवसांनी पुन्हा उठलं, पुन्हा दिगंबररावांची जीभ वळवळली. असं करत महिना होत आला. मालतीबाईंच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली.

"अहो, एकदा तरी 'बरं, या' म्हणा हो."

"घरच्या पाहुण्याला असं तोंडावर म्हणू? काय बोलतेस!"

सहलीला निघायच्या आदल्या दिवशी बुरसे चपला ओलांडत वर आले. "उद्या विमान. होकार दिलाय हो त्यांनी, अगदी आनंदानं. पण वहिनी, जाऊन बघणार काय? शहर तर तुमच्या हॉलमध्ये."

मालतीबाई ओट्याला टेकल्या. रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग नाक पुसून विचारलं, "तिथं आता आहे काय?"

"काही नाही. मोकळी जागा आणि समुद्र."

"माणसं?"

"सगळी इथं."

"चहा?"

"कोण करणार?"

"मग जाते मी."

ओसाका अवघडलं. "आम्ही घरी नाही, आणि आपलं करणार कोण?"

"काही करायला नको. तुम्ही बसा निवांत."

"अगं, आणि यांचं इथं कोण बघणार?" दिगंबरराव हादरलेच.

"तुमचे पाहुणे आहेत," मालतीबाई म्हणाल्या आणि बॅग आणायला गेल्या.

विमान मोकळ्या माळावर उतरलं. जिथं मोठं स्टेशन असतं म्हणतात तिथं मालतीबाईंनी सतरंजी टाकली, समुद्राकडे पाय पसरले आणि झोपल्या. जाग आली की बांधून आणलेली दशमी खायची, पाणी बघायचं, परत आडवं व्हायचं. कुणी काही मागत नव्हतं. पायांची ठसठस हळूहळू कमी झाली.

चौथ्या दिवशी फोन वाजला. ओसाकाच बोलत होतं. मागं भांडी पडल्याचा आवाज येत होता, आणि साखरेचा डबा कुठाय म्हणून दिगंबरराव ओरडत होते.

मालतीबाईंनी उसासा टाकला. चपला पायात सरकवल्या.

"निघते आता," त्या म्हणाल्या.

"छे, असं कसं!" ओसाका म्हणालं. "राहा की अजून दोन दिवस!"

"बरं," म्हणाल्या मालतीबाई, आणि चपला काढून परत बसल्या.