गळतीचा पक्का बंदोबस्त

मी तसा शांत माणूस आहे. (घरात हे कुणाला पटत नाही, तो भाग वेगळा.) पण त्या संध्याकाळी गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एसीची गळकी लाइन मेकॅनिकने परवाच दुरुस्त केली होती. "गॅस गळत होता साहेब, आता काळजी नको," असं छातीठोकपणे सांगून! मी तिथल्या तिथे फोन लावला.

"तुमच्या कामाची तऱ्हा बघा! गाडीखाली तळं साचलंय!"

"साहेब, ते पाणी गळायलाच..."

"गळायलाच? वर तोंड करून सांगताय? लाज वाटत नाही?" आणि मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी बायकोची मुलाखत होती, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. बारा वर्षं ती या संधीची वाट बघत होती. दोन तासांचा रस्ता, अंगाची लाही करणारं ऊन आणि एसीचा हा तमाशा! म्हटलं, आता आपणच बघू. गाडीखाली सरपटत गेलो. एका काळ्या रबरी नळीतून टपटप चालू होती. बेसिनच्या पाइपची गळती बुजवायला आणलेला लेप घरात होताच. तो त्या नळीच्या तोंडात कोंबला. टपटप बंद!

"मेकॅनिकला विचारलंत का?" बायको म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? त्याचीच घाण निस्तरतोय मी!"

सकाळी एसी झकास चालला. मी विजयी मुद्रेने गाडी हाकत होतो. तासाभराने डॅशबोर्डमागून डुबुक डुबुक ऐकू यायला लागलं.

"अहो, हा कसला आवाज?"

"रस्ता खराब आहे."

इतक्यात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, म्हणून मीही मारला. डॅशबोर्डखालून बर्फासारखं गार पाणी भसकन बाहेर आलं, ते थेट बायकोच्या पायांवर आणि पायाशी ठेवलेल्या सर्टिफिकेटांच्या फाइलवर! ती किंचाळली. मग फाइल उचलून झटकायला लागली.

मी गाडी बाजूला घेतली आणि फोन स्पीकरवर टाकून मेकॅनिकला फैलावर घेतलं. "गाडीत पूर आलाय! हिची सर्टिफिकेटं भिजली! तुम्हाला मी सोडणार नाही!"

तो थंडपणे म्हणाला, "साहेब, खालची काळी नळी बघा. एसीत साचलेलं पाणी तिच्यातूनच बाहेर पडतं. ते गळायलाच हवं. काल सांगत होतो, तुम्ही फोन ठेवलात. नळी कुणी बुजवली का? असा शहाणा मी अजून पाहिला नाही."

"मी रोज बघते," बायको म्हणाली.

भर उन्हात गाडीखाली आडवा होऊन मी चावीने तो लेप कोरला. उरलेलं पाणी माझ्या तोंडावर आलं. बायको मांडीवर सर्टिफिकेटं वाळवत बसली होती.

शाळेत पोचलो, तेव्हा ती पचपचणाऱ्या चपलांनी आत गेली. मी बाहेर उन्हात धुमसत राहिलो. मेकॅनिकने जरा मोठ्याने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? (चूक त्याचीच होती, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.)

अर्ध्या तासाने ती हसत बाहेर आली. माझ्या जिवात जीव आला.

"मिळाली जागा?"

"मिळाली. त्यांनी विचारलं, कुणाचंही न ऐकणारी, तापट, हट्टी मुलं सांभाळायचा अनुभव आहे का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"काही नाही. म्हटलं, जरा खिडकीतून बाहेर बघा. तुम्ही तेव्हा टायरला लाथा मारत होतात."