दिघेकाकांचा तुर्की बाजार

दिघेकाका वांगी मराठीतून विकत घ्यायचे. यात नवल वाटायचं कारण नव्हतं, पण विकणारी बाई तुर्की होती आणि बाजार न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये भरायचा.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंचाऐंशीची. मी तेव्हा पीएच.डी. करत होतो. काका रिटायर्ड केमिकल इंजिनियर, एकटेच राहायचे. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी ड्रायव्हिंग बंद केलं होतं. दर शनिवारी सकाळी मी त्यांना न्यायचो. एका पार्किंग लॉटमध्ये तुर्की मंडळी ताडपत्र्या टाकून बसायची. लाल मिरच्यांचे ढीग, ऑलिव्हची पिंपं, कलिंगडं आणि प्रचंड आरडाओरडा. तिथे परके असे आम्ही दोघंच.

काकांना मात्र ते मान्य नव्हतं. "परके कसले? आपलीच माणसं रे!"

एमिने नावाची साठीची बाई वांगी उचलून "ताझे, ताझे!" ओरडली, की काका मला कोपरानं ढोसायचे. "ऐकलंस? ताजं म्हणतेय! तराजूला तेराझी म्हणतात हे लोक. साबणाला साबुन. उच्चार बिघडलेत, एवढंच."

मग तिच्याकडे वळून, "अहो बाई, ही वांगी निबर आहेत. भरल्या वांग्याला चालायची नाहीत. कोवळी काढा."

एमिने तुर्कीत काहीतरी फणकारायची आणि खरंच कोवळी काढून द्यायची.

"बघ, कम्युनिकेट झालं की नाही?" काका विजयी मुद्रेनं म्हणायचे. मग मला पिशव्या देऊन गाडीकडे पिटाळायचे. "तू हो पुढे. मी आलोच."

ते 'आलोच' अर्ध्या तासाचं असायचं. काका कुणाला तरी साबणाची व्युत्पत्ती समजावत असणार, असं समजून मी गाडीत पेपर वाचत बसायचो.

एका शनिवारी काकांना ताप आला. मी एकटाच गेलो. मला एकट्याला बघून एमिने घाबरली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिनं विचारलं, "बाबा कुठे?"

"थोडा ताप आहे. पुढच्या आठवड्यात येतील."

तिनं सुस्कारा सोडला. मग जरा ओशाळून म्हणाली, "एक विचारू? मालू म्हणजे काय? कुठली भाजी?"

"मालू?"

"बाबा इथे उभे राहतात. हळू हळू खूप बोलतात. मला काही कळत नाही. फक्त मालू, मालू ऐकू येतं. कधी कधी डोळे पुसतात. मी सगळी टोपली दाखवली. हे नाही, ते नाही. माझ्याकडे नसणार. म्हणून मी दर वेळी सांगते, आज नाही बाबा, नेक्स्ट वीक. मग हसतात आणि जातात."

काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं नाव मालती. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी त्यांचा विषय काढला, की काका ताबडतोब हवापाण्यावर यायचे. एका अक्षरानं कधी बोलले नव्हते.

"भाजी नाही," मी म्हटलं. "त्यांची बायको. वारली."

एमिनेनं हातातली मिरची ढिगावर परत ठेवली. मागे एक गिऱ्हाईक हाका मारत होतं, तिला ऐकूच येत नव्हतं.

"आणि मी त्यांना नेक्स्ट वीक सांगत होते," ती म्हणाली.