उकळेमास्तर

देशकर मास्तरांकडे खोली मागायला गेलो तेव्हा पहिल्याच वाक्यात मी घोटाळा केला. गल्लीच्या तोंडाशी पानठेलेवाल्याने सांगितलं होतं, "उकळेमास्तरचं घर? ते पाह्य, निळ्या दाराचं." म्हणून मी दार वाजवलं आणि जमेल तितक्या नम्रपणे विचारलं, "उकळेसाहेब आहेत का?"

दारातल्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी मला चष्म्यावरून पाहिलं. मग मान आत वळवून ओरडले, "ऐकलं काय? आता पोस्टातही आडनाव बदलून घ्यावं लागते!"

'उकळे' ही गल्लीने त्यांना दिलेली पदवी होती, कारण ते पाणी उकळत. पाणी काय, सगळेच कधी ना कधी उकळतात. पण दुसरा माणूस देवाची पूजा करील तशा निष्ठेने मास्तर पाणी उकळत. चुलीसमोर पाटावर बसायचं, बुडबुडे नुसते तळाशी आले की "अजून नाही" म्हणायचं, आणि झाकण नाचायला लागलं की समाधानाने मान डोलवायची. अमरावतीच्या एका शाळेत ते भूगोल शिकवत. घरात बायको आणि तीन मुलं: सुमन, शरद आणि सगळ्यांत धाकटी नलू.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. खोली मागताना एक वाक्य मी वाटभर घोकत आलो होतो. "आम्ही बौद्ध आहोत." हे वाक्य ऐकताच आधीच्या दोन घरी मालकांना खोली भाच्यासाठी राखून ठेवल्याचं एकदम आठवलं होतं. इथेही मी खाली बघत ते म्हणून टाकलं.

"बरं," मास्तर म्हणाले. "पाणी उकळून पितोस काय?"

मी गडबडून "हो" म्हणालो. ते खोटं होतं, पण खोली मिळाली.

घरी मास्तर तसे सहन होण्यासारखे होते. खरे उकळेमास्तर पाहायचे तर ते मुलंबाळं घेऊन प्रवासाला निघताना पाहावेत. सामानात फिरकीचा पितळी तांब्या, तुपाच्या मोठ्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी, तो डबा सांडला तर म्हणून स्टोव्ह, आणि स्टोव्ह पेटला नाही तर म्हणून भांडणाची तयारी. उन्हाळा असेल तर प्रत्येक मुलाच्या खिशात कांदा, गळ्यात ओव्याची पुरचुंडी, कानाला फडकं. शरद एकदा कुरकुरला, "बाबा, आमचा भज्यासारखा वास येऊन राहिला." मास्तर म्हणाले, "येऊ दे. भजं झालं तरी चालेल, ऊन लागता कामा नये."

वाटेत रसवंती दिसली की मुलांनी दुसऱ्या बाजूला पाहायचं. बर्फाचा गोळा हा शब्द उच्चारायचा नाही. आणि गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मास्तरांचा एकच पुकारा चाले, "हात आत!" कोणाचं बोट जरी खिडकीबाहेर गेलं तरी मागच्या बाकावरचे प्रवासीसुद्धा दचकून आपले हात आत घेत. ही सवय वर्गातही गेली होती. नकाशावर काठीने रेल्वेचा मार्ग दाखवता दाखवता काठी बोगद्यात शिरली की मास्तर गरजत, "हात आत!" आणि अख्खा वर्ग बाकावरचे हात मांडीवर घेई.

अकोल्याच्या लग्नाची हकीकत मला काकूंनी सांगितली. काकू म्हणजे मास्तरांच्या बायको. काकूंच्याच चुलतभावाचं लग्न. मुलीकडच्या वयोवृद्ध भिक्षुक आजोबांनी मोठ्या प्रेमाने मुलांच्या हातावर गंगाजल घालायला पळी पुढे केली. मास्तरांनी मध्येच आपला पंजा धरला आणि विचारलं, "उकळलं काय?"

आजोबा म्हणाले, "अहो, गंगेचं आहे!"

"गंगेचं आहे हे समजलं. उकळलं काय?"

काकू म्हणाल्या, "त्या दिवसापासून माझ्या माहेरी अर्धी माणसं यांच्याशी बोलत नाहीत. उरलेली अर्धी माझ्याशी बोलत नाहीत."

मला मात्र ही हकीकत ऐकून बरं वाटलं. मी लहानपणापासून पाणी नाकारणारी पुष्कळ माणसं पाहिली होती. पण सर्वांचं पाणी सारख्याच तुसडेपणाने नाकारणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. समतेचा हा प्रकार कॉलेजातल्या पुस्तकांत नव्हता.

माझा मित्र श्रावण वसतिगृहात राहायचा. त्याला हे काही पटलं नाही. तो म्हणाला, "सुदाम, तू भोळा आहेस. सोवळ्यानं नुसते कपडे बदलले लेका. आधी पाणी बाटत होतं, आता त्यात जंतू होतात."

मी त्याच्याशी वाद घातला, पण शब्द मनात राहून गेले. एका दुपारी मास्तर उन्हातून माझ्या खोलीत आले, धापा टाकत खाटेवर बसले. मी माठातलं पाणी दिलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उकळलं काय?"

या वेळी खोटं बोलवेना. "नाही."

त्यांनी पेला परत दिला आणि आपल्या घरात जाऊन प्यायले. मी तो पेला बराच वेळ हातात धरून उभा होतो. उकळलेलं पाणी खरंच जंतूंसाठी होतं, की माझ्यासारख्यांसाठी? हे त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि मी कोणाला काही विचारणाऱ्यांतला नव्हतोच.

मे महिन्यात परीक्षा संपली. मास्तरांचं कुटुंब काकूंच्या माहेरी तेल्हाऱ्याला निघालं होतं. माझं गाव दर्यापूरच्या अलीकडे, त्याच रस्त्यावर. त्यामुळे आम्ही एकाच मोटारीत बसलो. मास्तरांनी माझ्याही खिशात एक कांदा घातला.

गाव मैलभरावर आलं असेल, आणि मोटार थांबली. पुढून वाफ निघत होती. प्रवाशांपैकी कोणीतरी म्हणालं, "मास्तर, आज तर मोटारच उकळली!" सगळे हसले. मास्तरही थोडे हसले, कारण पाणी आपल्या डब्यात आहे हा त्यांना धीर होता. ते मुलांना घेऊन बाभळीच्या विरळ सावलीत गेले. परत येऊन पाहतात तर क्लीनर पोरगा त्यांचा डबा मोटारीच्या तोंडात उपडा करून उभा.

"अरे, अरे! उकळलेलं होतं ते!"

"मंग तं बरंच झालं मास्तर," तो म्हणाला. "गाडीच्या पोटाले बाधनार नाई."

एवढं शुद्ध पाणी पिऊनही मोटार हलली नाही. ड्रायव्हर म्हणाला, दोन घंटे तरी लागतील. फिरकीचा तांब्या मुलांनी आधीच संपवला होता. स्टोव्ह टपावर बांधलेला, पण नुसता स्टोव्ह उकळून काय करणार? काळ्या मातीला भेगा पडलेल्या, वारा भट्टीतून आल्यासारखा. नलू आधी पाण्यासाठी रडत होती. मग तिने रडणं थांबवलं आणि आईच्या खांद्यावर मान टाकली.

"अहो, पोरगी गप झाली," काकू म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता. ते काही ओरडले नाहीत. नुसते इकडेतिकडे पाहू लागले.

गावाची झाडं समोर दिसत होती. मी म्हणालो, "आमचं घर तिथं आहे. पण गावाच्या बाहेरच्या अंगाला... म्हणजे आमच्या वस्तीत..."

"अरे, पण आहे ना?" मास्तर म्हणाले आणि नलूला उचलून चालू लागले.

माय दारातच होती. पाहुणे बघून ती गडबडली. तिने खाट झटकली, पदराने लोटा पुसला आणि पाणी भरून आणलं. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी खारं. गोडं पाणी लांबून आणायचं, तेही दुसऱ्यांची मर्जी असेल तर. त्या दिवशी घरात खारंच होतं. लोटा पुढे करताना मायचा हात जरा मागेपुढे झाला.

मास्तर म्हणाले, "बाई, उकळलं काय?"

मला हा प्रश्न पाठ होता. मायला नव्हता. तिला फक्त एवढंच कळलं की समोरच्या माणसाने हात पुढे केला नाही. तिने लोटा मागे घेतला.

"काहून आनलं रे यायले?" ती मला म्हणाली. मग त्यांना म्हणाली, "मास्तर, आमचं पानी चालत नसन तं तसं सांगा. लेकराले तं नका ताटकळवू."

मला वाटलं, आता कळणार. जे वर्षभर कळलं नाही ते आता, माझ्या मायसमोर कळणार. मी खाली पाहिलं.

"चालत नसन कोन म्हनते?" मास्तर एकदम आमच्या बोलीत ओरडले. "उकळा म्हनतो मी! चूल कुठं आहे?"

आणि उत्तराची वाट न पाहता ते वाकून आमच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात शिरले. काकूंनी लोट्यातल्या पाण्यात फडकं भिजवून नलूच्या डोक्यावर ठेवलं. मायने कापसाच्या पऱ्हाटीची वाळकी काटकं आणून दिली. मास्तर मांडी घालून फुंकणी फुंकू लागले. चष्म्यावर राख बसली, डोळ्यांतून पाणी आलं. माय भगुनं उतरवायला गेली की ते म्हणत, "अजून नाही." दोन वेळा तिला त्यांनी आमच्याच चुलीपासून हटवलं. शेवटी झाकण नाचलं.

मायने पाणी या लोट्यातून त्या लोट्यात ओतून गार केलं. मास्तरांनी पहिला पेला स्वतः घेतला, सगळा प्यायले आणि तसेच बसून राहिले.

"आता काहून थांबले?" मायने विचारलं. "पोरीले द्या ना."

"जरा माझ्या पोटात बसू द्या पहिले."

माय त्यांच्याकडे पाहत राहिली. हातातला लोटा तिने खाली ठेवला. मग अगदी हळू, घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोनतं गेलं मास्तर तुमचं?"

काकूंनी तोंड फिरवलं. मी त्या घरात वर्षभर राहत होतो. मला हे माहीत नव्हतं.

"पहिला," मास्तर म्हणाले. "दिवाकर. असेच तेल्हाऱ्याले चाललो होतो. वाटेत एका मोठ्या घरी थांबलो. चांदीच्या भांड्यात पाणी दिलं त्यांनी. गावात पटकी आहे हे कानावर आलं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाले, उकळलं काय, असं कसं विचारावं? मले भीड वाटली." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले. राख निघता निघत नव्हती. "तेव्हापासून कोनाचीच भीड ठेवत नाही, बाई. तुमचीही नाही ठेवली."

"नका ठेवू," माय म्हणाली.

मग तिनेच पेला भरला आणि नलूच्या ओठाला लावला. घोट घोट करून अर्धा पेला गेल्यावर नलूने डोळे उघडले आणि तोंड वेंगाडून म्हणाली, "खारं!"

इतका सुंदर शब्द आमच्या विहिरीच्या पाण्याला आजवर कोणी लावला नसेल. मास्तर रडल्यासारखे हसले. मायने कोपऱ्यातून गुळाचा खडा काढला. तेवढ्यात मास्तर सावध झाले.

"गूळ झाकून होता काय?"

"आता गूळबी उकळू काय मास्तर?" माय म्हणाली, आणि शरद-सुमन इतकी हसली की त्यांना ठसका लागला.

रस्त्यावरून मोटारीचा भोंगा ऐकू आला. मायने फिरकीचा तांब्या उकळलेल्या पाण्याने भरून दिला. मास्तर म्हणाले, "येतानाही उतरू. भगुनं चढवून ठेवा."

आम्ही दोघं त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेलो. मोटार निघाली तशी खिडकीतून मुलांचे हात बाहेर आले. शरदचा, सुमनचा, आणि त्यांच्यामध्ये गुळाने चिकट झालेला नलूचा. मायने हात हलवला. मी मात्र नुसता कान देऊन उभा राहिलो. आता ओरडतील, आता ओरडतील.

मोटार वळणाआड जाईपर्यंत मुलांचे हात बाहेरच होते.