येथे थांबावे

चांगला तास घ्यायला शिक्षक लागतो, हा जुना समज आता मागे पडला असून त्यासाठी समिती लागते, हे सिद्ध झाले आहे. वारज्याच्या आमच्या शाळेत तास सगळ्यांनी मिळून आखायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून बघायचा आणि शेवटी एकत्र चिंतन करायचे, अशी पद्धत सुरू झाली. (चिंतनाला भजी असतात. त्यामुळे उपस्थिती उत्तम.)

पहिला मान चौथीच्या उत्कर्षा मॅडमचा. त्यांच्या वर्गातली संस्कृती नावाची मुलगी जूनपासून एक अक्षर बोललेली नाही. "तिला सुचतं हो, पण वेळ लागतो. ह्या तासाला ती बोलली, की मला बाकी काही नको," असे मॅडम म्हणाल्या. आम्हाला गहिवरून आले. म्हणून आराखड्यात प्रश्नानंतर ठळक अक्षरांत लिहिले: 'येथे थांबावे.' या दोन शब्दांवर तीन बैठका झाल्या. निरीक्षकांनी तोंड उघडू नये, असेही एकमताने ठरले. (पुण्यात एकमत झाले, इथेच खरे तर संशय यायला हवा होता.)

तास रंगला. मॅडमनी विचारले, "सारख्याच दोन भाकरी. एकीचे तीन सारखे तुकडे केले, दुसरीचे चार. कुठला तुकडा मोठा?"

आणि त्या थांबल्या. वर्गही थांबला. संस्कृती चक्क उभी राहिली. तिने ओठ उघडले.

"तिनातला!" मागून दत्तप्रसाद सर.

"कारणासह सांगा," मुख्याध्यापिका सत्यशीलाबाई.

मी नियम पाळणारा माणूस. मी फक्त "शाब्बास!" म्हणालो.

संस्कृती खाली बसली.

चिंतनात निष्कर्ष निघाले: निरीक्षकांचा सहभाग शंभर टक्के, अचूकताही तेवढीच; मुलीत मात्र आत्मविश्वासाचा अभाव. उत्कर्षा मॅडमनी भज्यांना हात लावला नाही. "अहो, ती बोलणार होती," एवढेच म्हणाल्या. मला फार वाईट वाटले. त्यांच्या वाटणीची भजी संपेपर्यंत वाटत होते.

तास पुन्हा घ्यायचे ठरले. या वेळी निरीक्षक शाळेबाहेरचे आणि स्वभावाने शांत असावेत, असा ठराव झाला. (वाचक मंडळी गप्प बसून वाचतात, असे ऐकून आहोत.) प्रश्न असा: सारख्याच दोन भाकरी, एकीचे पाच सारखे तुकडे, दुसरीचे सहा. कुठला तुकडा मोठा? संस्कृती उभी राहिली आहे. तिला जरा वेळ द्या.

दिलंत ना उत्तर? बसली बघा ती खाली.