शालनचे फ्रेंच पाहुणे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सेक्टर बावीसच्या सोनाराशी भांडण. भांडली शालन. मी पिशवी धरून उभा.

सोनार जुनी चांदी वितळवायला काढत होता. त्यात फ्रान्सचं एक नाणं. कधीकाळी कुणी पंजाबी शिपायानं लढाईवरून आणलं असेल, बायकोनं कडी लावून गळ्यात घातलं असेल.

"आंटी जी, कुंडा लगा है. शौकवाले नहीं लेते."

"मेरेको कुंडेवालाच होना. किसीके गले का है, भट्टी में कायको डालते?"

माझी बायको ही अशी. लोक कोरी नाणी जमवतात, हिला फ्रान्सचीच, तीही झिजलेली, कडीवाली लागायची. साल अठराशेतलंच पाहिजे. एकोणीसशेतली म्हणजे "कालची पोरं". फ्रेंचचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मलाही नाही, पण मी कुठं जमवत होतो?

रोज सकाळी चहाआधी सगळी ताटात मांडायची. टोकदार दाढीवाला राजा म्हणजे "बोकडभावजी". केसांत गव्हाच्या ओंब्या माळलेली बाई म्हणजे "वन्सं". एका नाण्यावर उघडाबंब पैलवान, दोन्ही बाजूंना बायका. तो कायम पालथा. "वन्संसमोर शोभतं का?"

मग त्यांना बातम्या. भाजी महागली, गुडघा ठणकतो, साताऱ्याची भाची बाळंत झाली.

"येडी झालीस," मी म्हणायचो.

"तुम्ही नुसतं हूं म्हणता. नातवंडं 'क्या, दादी?' म्हणतात. हे निदान मराठी ऐकून घेतात."

खरं होतं. मी एअरफोर्सच्या गाड्या चालवल्या, मोहालीत घर केलं. बोलायचं खातं तिचं.

त्या संध्याकाळी सोनाराकडून आणलेलं नवं नाणं तिनं कोमट पाण्यानं धुतलं, खिडकीत फडक्यावर ठेवलं. "दमलंय. उद्या ओळख करून देते."

पहाटे ती उठली नाही. दुपारी नेली.

परत आल्यावर पोरगा हळूच म्हणाला, "बाबा, ये सिक्के... सोनाराला देऊन टाकू?"

"ताटाला हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट मांडलं. पैलवान पालथा घातला. खिडकीतलं नाणं आणून मधोमध ठेवलं. त्याला नाव काही सुचेना.

"हे नवे आलेत," म्हणालो. नाण्यांवरचे सगळे एका बाजूला तोंड करून बसलेले. माझ्याकडं कुणी बघेना.

"भाजी महागच आहे. भाची बरी आहे, वन्सं." खिडकीतल्या फडक्याची घडी घातली. "शालनचा गुडघा आता दुखत नाही."