जनकबिंदूचा पत्ता

मेलिसोनेरी या ग्रीक बेटावरच्या अग्निप्रतिबंध कार्यालयात पोलिक्सेनीबाई वणव्यांचा अभ्यास करत. वणवे सुटे लागत नाहीत, पुंजक्यापुंजक्याने लागतात, हे त्यांनी मॉडेल बसवून दाखवलं होतं. असल्या मॉडेलचा एक रिवाज असतो. प्रत्येक पुंजक्यामागे एक अदृश्य जनकबिंदू आहे, असं धरून चालायचं. तो कुणी पाहिलेला नसतो. चित्र काढायला सांगितलं की सॉफ्टवेअर हे जनक आपल्या मर्जीने कुठेतरी टाकतं आणि त्यांच्याभोवती वणव्यांचे ठिपके शिंपडतं. पुन्हा सांगितलं की भलतीकडेच टाकतं.

बाईंनी चित्र उठावदार दिसावं म्हणून जनकांना लाल रंग दिला आणि खाली बेटाचा नकाशा घातला. इथेच सगळा घोळ झाला.

“हे लाल कोण?” संचालक वारसामिस साहेबांनी विचारलं.

“जनक, साहेब. यांच्यापासून वणवे निघाले असं आपण मानतो.”

“मग यांना अजून मोकळं का सोडलंय?”

“ते खरे नाहीत. मॉडेलने कल्पिलेत.”

“बाई, मॉडेलला अथेन्सची मंजुरी आहे. आपण कोण त्याला खोटं म्हणणारे?”

कारवाईसाठी नकाशा जवळून पाहिला, तर एक लाल ठिपका साहेबांच्याच समुद्रकाठच्या बंगल्यावर बसला होता. “सॉफ्टवेअर बिघडलंय,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “पुन्हा काढा.” या वेळी तो बिशपसाहेबांच्या ऑलिव्हच्या बागेत पडला. “श्रद्धेचा प्रश्न आहे. पुन्हा.” मग तो गावाबाहेरच्या एका मधपेट्यांच्या वाडीवर पडला. “आता कसं शास्त्रीय वाटतंय,” साहेब म्हणाले. निकालात सातत्य हवं, म्हणून सॉफ्टवेअरला एक ठरावीक आकडा देऊन (तोच आकडा दिला की दर वेळी तेच चित्र निघतं) ते चित्र कायम करण्यात आलं. दुपारपर्यंत कार्यालयाच्या पथकाने वाडीतल्या सगळ्या पेट्यांना सील ठोकलं.

वाडी लाझारोसमामांची होती. बाईंचे सख्खे मामा.

“पोरी, डोंगर फुललाय आणि माझ्या माश्या आत कोंडून मरतायत,” मामा कार्यालयाच्या पायरीवर बसून म्हणाले. “मला आग लावताना कुणी बघितलं का गं?”

“कुणीच नाही, मामा. जनक कधी दिसत नसतो.”

“म्हणजे मी दिसलो नाही, हाच पुरावा?”

“हो.”

“काय शिकलीस गं बाई तू,” मामा म्हणाले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तडक साहेबांकडे गेल्या. ठिपका काल्पनिक आहे, दुसरा आकडा दिला की दुसरीकडे पडतो, हे त्यांनी सूत्रांसकट समजावलं. साहेबांनी जांभई दिली. शेवटी बाई म्हणाल्या, “साहेब, ते माझे मामा आहेत.”

साहेब चांगलेच दुखावले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं? आम्ही काय राक्षस आहोत? द्या दुसरा आकडा.”

बाईंनी दिला. ठिपका वाडीवरून उठला आणि टेकडीवरच्या एका झोपडीवर जाऊन बसला.

“तिथे आपलं कुणी?”

“नाही, साहेब.”

संध्याकाळच्या आत मामांच्या पेट्या उघडल्या. माश्या घोंघावत बाहेर पडल्या आणि मामांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात पथकाची गाडी टेकडी चढायला लागली.

झोपडीत कोण राहतं, हे बाईंनी विचारलं नाही. मामा सुटले म्हणून तुम्हालाही हायसं वाटलं ना? तुम्ही तरी कुठे विचारलंत?