जड ळ

हनीफ सर फळ्यावर रशियन अक्षरं काढायचे, पण त्यांचा एक कान कायम जिन्याकडे असायचा. खोली देताना मालक शरणप्पांनी एकच अट घातली होती. "माज्या इमारतीत आरडाओरडा चालायचा न्हाई, सर. एकदा जरी मानसं भिऊन पळाली, तर त्याच दिवशी खोली खाली करायची."

अट कडक होती, पण शरणप्पांचाही इलाज नव्हता. भूकंपाला सहा वर्षं झाली, तरी खालच्या पेंडीच्या दुकानात ते पालथ्या ताटलीवर पितळी तांब्या उभा करून बसत. तांब्या पडला की पळायचं. सगळ्यात वरती सोमेश सरांचा केमिस्ट्रीचा क्लास, साठ पोरं. मधल्या मजल्यावर हनीफ सरांची अकरा, गुण कमी पडले म्हणून रशियाला डॉक्टर व्हायला निघालेली. त्या दिवसांत लातुरात क्लासवाल्यांनी जिन्याखालची अडगळसुद्धा सोडली नव्हती. ही खोली गेली की क्लास गेला, अन् हैदराबादेत दोन वर्षं घासून शिकलेलं रशियन पाण्यात गेलं. या धास्तीनं सर शिकवायचेसुद्धा दबक्या आवाजात.

त्या दिवशी धडा दवाखान्याचा होता.

"पलाता," सर हळूच म्हणाले. "म्हंजी दवाखान्यातली पेशंटची खोली."

"पलाता," पहिल्या बाकावरची मंजुश्री म्हणाली.

"असा पुळचट ल तिकडं चालत न्हाई. जड पायजे. आपल्या गोळ्यातला ळ घ्या. तंतोतंत तो न्हाई, पन जवळचा हाय." आणि शिकवण्याच्या भरात सर अट विसरले. "आता सगळे मिळून. जोरात."

"पळाता, पळाता, पळाता."

खाली शरणप्पा सरकी तोलत होते. डोक्यावरून अकरा तोंडं एकदम "पळा आता" म्हणाल्यावर तांब्याकडे कोण बघत बसतं? धोतर सावरत, "पळा, पळा" करत ते रस्त्यावर आले. त्यांच्या धक्क्यानं तांब्या खणखणत पायरीवरून गेला. तो आवाज ऐकून सोमेश सरांनी पोरांच्या आधी जिना गाठला. मागून साठ पोरं धडधडत उतरली, तसा मधला मजला हलला.

हनीफ सरांना टेबल थरथरताना दिसलं. पुढचं त्यांना आठवत नाही. भानावर आले तेव्हा ते रस्त्यात उभे होते, हातात खडू आणि एकाच पायात चप्पल.

"आधी कोन वरडलं?" शरणप्पा विचारत होते.

सरांच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला, आणि आता भूकंप झालाच असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात मधल्या खिडकीतून मंजुश्री डोकावली. "सर, पुढचा शब्द?"

"ए पोरी, लोकाला पळा आता म्हनून तू वरच बसून राहिली?" शरणप्पा वर बघून ओरडले.

"पळा न्हाई, मामा, पलाता. रशियन हाय ते. दवाखान्यातली खोली. आमाला अर्थ ठाऊक हाय, मंग कशाला पळावं?"

शरणप्पा सावकाश वळले. "अन् सर, तुमाला अर्थ ठाऊक नव्हता?"

"मला व्हता, अप्पा," सर म्हणाले. "पायाला नव्हता."

शरणप्पांनी सरांच्या एका चपलेकडे पाहिलं. मग स्वतःच्या दोन्ही अनवाणी पायांकडे पाहिलं.

"खोली खाली करा."

सरांनी मान खाली घातली. "हाव, अप्पा. आजच उचलतो सामान."

"उचला. अन् खाली आना. माज्या दुकानामागं, दाराजवळ. पेंडीची पोती मी वर टाकतो. तुमच्यासारख्या मानसाला जिना नगं."

तेव्हापासून क्लास तळमजल्यावर भरतो. "पळाता"चा गजर झाला तरी शरणप्पा उठत नाहीत. त्यांना आता अर्थ ठाऊक आहे. फक्त एक पाय तेवढा उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात. आणि हनीफ सर शिकवताना चपला काढत नाहीत.